दक्षिणेची भिंत

माणूस राजकारणात राहतो तो केवळ जनतेच्या हाकेमुळे. आर्चिबाल्ड टुलक यांनी मेलबर्नच्या सभागृहात सहा वर्षं ही हाक ऐकली होती. आता मात्र बायकोची हाक ऐकायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

दर आठवड्याला ते घरी आठ-आठ पानी पत्र लिहीत. रेल्वेचं विधेयक, त्यावरचं आपलं भाषण, कोण कुठे वाहवा म्हणालं, सगळं. बायकोचं, ग्रिझेलचं, उत्तर चार ओळींचं येई. गाय व्याली, मुली बऱ्या आहेत, आणि शेवटी न चुकता एकच वाक्य : दक्षिणेच्या भिंतीतून वारा येतो.

या वाक्यातला विरह टुलकांना अचूक कळे. एकदा त्यांनी ते भर सभागृहात म्हणून दाखवलं, तेव्हा विरोधी बाकावरच्या एका गृहस्थांनी रुमाल काढला होता. त्यांना सर्दी होती, हे नंतर कळलं.

उमेदवारी जाहीर करायचा दिवस उद्यावर आला होता. टुलक गिप्सलँड भागातल्या आपल्या गोठ्याशी घोड्यावरून उतरले ते कायमचे. मागोमाग त्यांच्या निवडणूक समितीचे अध्यक्ष पेनहॅलो उतरले. टुलकांना पुन्हा उभं करायला वहिनींच्या पाया पडावं लागलं तरी पडायचं, अशा तयारीने ते आले होते.

दार उघडलं आणि टुलक उंबऱ्यातच थबकले. पश्चिमेची अख्खी भिंत, छतापासून जमिनीपर्यंत, त्यांच्या पत्रांनी मढवलेली होती. गावात सगळ्यांच्या घरी फळ्यांच्या फटींवर वर्तमानपत्र असे. टुलकांच्या घरी टुलक होते.

पेनहॅलोंनी हॅट काढली. "वहिनी, नवऱ्याचा असा मान मी उभ्या वसाहतीत पाहिला नाही."

"मान कसला, भाऊजी! वर्तमानपत्र एका हिवाळ्यात लोंबायला लागतं. सभागृहाचा कागद बघा, नुसतं चामडं!" ग्रिझेलने अभिमानाने भिंतीवर थाप मारली. "हे रेल्वेचं भाषण. लांबलचक होतं. फटही लांबलचक होती."

टुलकांनी एका पानावर बोट ठेवलं. "तू वाचलंस तरी का?"

"वाचलं तर! नाहीतर उलटं लागलं असतं आणि शेजारणी हसल्या असत्या."

टुलकांनी घसा साफ केला. ठरवलेलं वाक्य ठरवल्यासारखंच म्हटलं. "ग्रिझेल, तुझ्यासाठी मी राजकारण सोडतोय. उद्यापासून घरीच."

"घरीच?" खळीने माखलेला ब्रश तिच्या हातात तसाच राहिला. "आणि पत्रं?"

"घरात बसून पत्रं कशाला लिहू?"

ती वळली, आणि समोरची दक्षिणेची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजरेने मोजली. मग पेनहॅलोंना विचारलं, "निवडून आले तर किती वर्षं?"

"तीन, वहिनी."

"पुरतील," ती म्हणाली. "अहो, उभे राहा. आणि जरा सविस्तर लिहीत जा."

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या फळकुटांच्या मंचावर टुलक छाती पुढे काढून उभे राहिले. घरच्यांच्या आग्रहापुढे आपलं काही चाललं नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत ग्रिझेल ताठ मानेने बसली होती.

दक्षिणेची भिंत अजून अर्धी उघडी होती.