शंभराव्या फेरीचा बेत

शेवटी अंगणात पुतळी आणि रुक्मा दोघीच उभ्या उरल्या. बाकीच्या बायका कडेला धापा टाकत बसल्या होत्या. कुणाचा अंबाडा सुटलेला, कुणाला हसू आवरत नव्हतं. गणेशचवथीच्या फुगडीचा या वाडीतला नियम सोपा होता. जिची जोडीदारीण पडली तिनं दुसऱ्या उरलेलीचा हात धरायचा, आणि एकच उभी राहीपर्यंत फिरायचं. निवाड्याला म्हातारी येसूकाकी तुळशीपाशी बसलेली असायची. तिच्यापुढं लबाडी चालत नसे.

या दोघी सख्ख्या जावा, आणि सहा महिन्यांत एकमेकींशी चकार शब्द बोललेल्या नव्हत्या. त्यामुळं बसलेल्या बायका एकाएकी सावरून बसल्या.

पुतळीनं हात पुढं केले. तिला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगा! हीच घडी तिला हवी होती. शिमग्यानंतर घर वाटलं, मधोमध कूड उभा राहिला आणि मसाला वाटायचा रगडा कुणाकडं जावा यावर घोडं अडलं. तेव्हा धाकट्या रुक्मानं चारचौघांत म्हटलं होतं की अक्काच्या हातांत आता जोर कुठं राहिलाय, ती रगडा नेऊन करणार काय. रगडा गेला त्याचं पुतळीला काही नव्हतं. ते बोलणं मात्र जिव्हारी लागलं.

मग तिनं बेत केला, आणि तोही असातसा नव्हे. आषाढ लागला तसा ओटीच्या खांबाला दोर वळसा घालून घेतला, दोन्ही टोकं मुठींत धरली, अंग मागं टाकलं आणि खांबाभोवती गरगर फिरायला लागली. पहिल्या दिवशी वीस फेऱ्या. दर तीन दिवसांनी पाच वाढवायच्या. लावणीच्या दिवसांत कंबर मोडलेली असे, तेव्हा वाढवायच्या नाहीत, पण एकही कमी करायची नाही. चवथीपर्यंत शंभर झाल्याच पाहिजेत. घड्याळ म्हणजे काय ते लांब सुप्याला, सरकारी कचेरीत होतं. इथं सगळा हिशेब फेऱ्यांवर, तोंडानं मोठ्यानं मोजून.

चवथीला शंभराव्या फेरीला हात सोडायचा. बेताचं सगळं बळ त्यातच होतं. फुगडीत हात सोडायला मनाई नव्हती, पण सोडणारीही आडवीच होते, म्हणून कुणी सोडत नसे. पुतळी रोज शेवटच्या फेरीला दोर सोडून उभं राहायला शिकली. सुरुवातीला ती दाणकन कुडावर आदळायची. एकदा तर कोंबड्यांच्या डालग्यावर बसली, आणि तिचा नवरा लखू आठवडाभर आठवून आठवून हसला. श्रावण सरता सरता जमलं. सुटल्याबरोबर दोन पावलं मागं, तिसऱ्याला टाच रोवायची. मग ती उभी राहील आणि रुक्मा उडून पडेल थेट उकिरड्यावर, सगळ्या वाडीसमोर. कुणाच्या हातांत जोर आहे ते तेव्हा बघू म्हणावं.

हातात हात आले. रुक्माचे तळवे गार होते. पहिल्या दहा फेऱ्या सावकाश झाल्या, मग अंगणाला वेग आला. बसलेल्या बायका दिसेनाशा झाल्या, त्यांच्या लुगड्यांचे रंग तेवढे उरले. मग तेही एकमेकांत मिसळले. तुळस कुठं, येसूकाकी कुठं, काही कळेना. पलीकडचं हिरवं भात, रानाचा काळा कडा, वरचे ढग, सगळं एक होऊन भोवती वाहायला लागलं. हसण्याबोलण्याचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे यायला लागले. पाय भुईला लागतायत की नाही, याचंही भान सुटलं. पुतळीला इतकं हलकं वाटलं की आपण जागे आहोत की निजलोय, हेच तिला समजेना.

एक गोष्ट मात्र तिच्या बेतात आलीच नव्हती. खांबाला तोंड नव्हतं. इथं सगळं जग फिरत होतं आणि रुक्माचा चेहरा तेवढा जागच्या जागी होता. बघायचा नाही म्हटलं तरी दुसरं बघायला काही उरलंच नव्हतं. अगं बाई, किती वाळली ही! डोळ्यांखाली काळं, कानशिलावर चार पांढरे केस. हे कधी झालं? एका चुलीवर असतो तर पहिल्यांदा आपल्यालाच दिसले असते. पुतळीला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. तिनं मन घट्ट करून मोजणं चालू ठेवलं.

सत्तर. ऐंशी. रुक्माचेही ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, पुतळीला वाटलं. नव्वदीत रुक्माला दम लागला, पण तिची पकड ढिली झाली नाही. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. पुतळीनं बोटं सैल करायला घेतली.

"शंभर झालं, अक्का," रुक्मा हळूच म्हणाली. "सोड की आता. पडते मी."

म्हणजे ही देवाचं नाव घेत नव्हती, फेऱ्या मोजत होती. कुडापलीकडं बसून हिनं दोन महिने सगळं ऐकलं होतं. रोजचं मोजणं ऐकलं होतं, मोजणं संपल्यावरचं धडपडणंही ऐकलं होतं. ही सोडणार, हे ठाऊक असूनच तिनं हात दिला होता.

पुतळीनं बोटं आवळली.

"गप फिर," ती म्हणाली. "एकशे एक."