गाण्याखालची घरघर

गिरगावच्या रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता, म्हणून मनमोहनरावांनी खिडक्या बंद करून घेतल्या आणि मगच रेकॉर्ड लावली. तरीही गाण्याखालून एक जाड घरघर येतच राहिली. त्यांनी सुई बदलली, रेडिओग्रामच्या पायांखाली रबर घातले, घरघर हटेना.

"अहो, आपली उर्मिला आहे त्या मोर्चात," सरोजिनीबाई लेकीच्या काळजीनं म्हणाल्या.

"तिला राज्य हवंय ना? मग मला निदान स्वच्छ षड्ज तरी मिळू दे."

त्यांनी सतरंजीची घडी रेडिओग्रामखाली सरकवली. सुई चऱ्यांवर अडखळावी तसे चार-दोन आवाज झाले, आणि थोड्याच वेळात घरघर थांबली.

"पाहिलंस? सतरंजीनं काम केलं!"

सरोजिनीबाईंनी खिडकी उघडली.


मघापर्यंत हजारो पावलांनी हादरत असलेल्या रस्त्यावर आता नुसत्या चपला पडल्या होत्या.