लोहाच्या गोळ्या

शनिवारी तळ्याकाठच्या सौनाच्या वाफेच्या खोलीतून हिल्काचे वडील अर्ध्यातच बाहेर आले आणि धापा टाकत पायरीवर टेकले. “बाबा, वाफेला घाबरलात?” हिल्काने चिडवलं. “डॉक्टरीणबाई, तुमच्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला डांबरासारखं होतंय, त्याचं बघा!” “गोळ्यांनी काळं होतंच,” म्हणत तिने सॉसेज कापलं. सोमवारी रक्ताची उलटी होऊन ते गेले. पोटातला व्रण कित्येक महिने झिरपत होता; शौचाचा काळा रंग त्याच रक्ताचा होता. दोन आठवड्यांनी ती मेडिकलच्या वर्गात अ‍ॅनिमिया शिकवत होती. आवाज नेहमीसारखाच निघत होता. “साठीचा पुरुष, रक्तात लोह कमी. काय कराल?” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “लोहाच्या गोळ्या देऊ.” “आणि रक्त कुठून जातंय ते पोस्टमॉर्टेममध्ये बघ!” मागून टोमणा आला. वर्ग हसला. मुलगी लालबुंद झाली. “हसू नका,” हिल्का म्हणाली. “माझ्या वडिलांना मीही गोळ्याच दिल्या. रक्त कुठून जातंय, शोधलंच नाही.”