निव्वळ वजन

"ही घ्या ना काका, खांद्याला अडकवली तरी कळणार नाही," दुकानातली मुलगी म्हणाली आणि तिने निळी कापडी पिशवी पुढे केली. सहाशे ग्रॅम फक्त. काटेवाल्यांनी पिशवीच्या तळाला मूठ दाबून पाहिली. तळ मुकाट्याने खाली गेला. यात ठेंगूची पाठ अवघडेल, असं म्हणून त्यांनी शेजारची काळी उचलली. हिला फळीचा तळ, कडेने लोखंडी सळ्या, तिन्ही बाजूंना जाळी. मापाला विमानातल्या सीटखाली बसेल अशीच, पण भलतीच दणकट. ही लोक मोटारीत ठेवायला नेतात, विमानासाठी सहसा कुणी घेत नाही, असं मुलीने सांगून पाहिलं. काटेवाल्यांनी ती हातात जरा तोलली, सगळं ऐकून घेतलं आणि हीच द्या म्हणाले.

ठेंगू म्हणजे त्यांचा कुत्रा. आखूड पायांचा, बारा वर्षांचा. बायकोने आणलेला आणि नावही तिनेच ठेवलेलं. बायको जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून काटेवाल्यांना रडू आलं नव्हतं, राग आला नव्हता, धड भूकही लागली नव्हती. दाढी मात्र रोज करत होते. त्यांची लेक समुद्रापलीकडे राहायची. तिने फोनवर सांगितलं, बाबा, घर बंद करा आणि कायमचे माझ्याकडे या. ते बरं म्हणाले. आईच्या साड्या देऊन टाकू या का? बरं. पुढच्या गुरुवारचं तिकीट काढते. बरं. लेकीला वाटलं, चला, बाबांनी मनावर घेतलं. तिला तरी काय कळणार? फोनवर चेहरा थोडाच दिसतो.

घोडं अडलं होतं ते ठेंगूपाशी. त्याचं हृदय कमजोर. सामानाच्या कप्प्यात टाकलात तर हा जिवंत पोचायचा नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माणसाजवळ, सीटखाली बसून गेला तरच. त्यासाठी विमानवाल्यांची अट होती, वजन आठ किलोच्या आत. लेकीने तो नियम लेखी पाठवला, वर एका हलक्या पिशवीचा फोटोही पाठवला. वाचलंत ना, असं तिने दोनदा विचारलं. काटेवाले म्हणाले, तीनदा वाचलं.

आणि वजनाच्या बाबतीत त्यांना शिकवणार कोण? चौतीस वर्षं ते गोदामाच्या फाटकावर वजनकाट्याला होते. काटेवाले हे नाव तिथलंच. भरलेला ट्रक आला की काट्यावर घ्यायचा, माल उतरवला की रिकामा पुन्हा काट्यावर घ्यायचा, रिकाम्याचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. कुणी सीटखाली दगड ठेवायचा, कुणी टाकी भरून यायचा आणि रिकामी करून जायचा. काटेवाल्यांना शेंडी लावणं एकालाही जमलं नाही. घरीसुद्धा भाजीची जुडी हातावर घेऊन ते वजन सांगायचे. बायको मुद्दाम वाण्याकडे जाऊन तोलून यायची आणि बरोबर निघालं म्हणून गाल फुगवून बसायची.

गुरुवारी सकाळी ते ठेंगूला कडेवर घेऊन घरातल्या वजनकाट्यावर उभे राहिले. मग त्याला खाली ठेवून एकटे उभे राहिले. फरक सात किलो शंभर. त्यांनी तो आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि काळ्या पिशवीला चिकटवला. शेजारच्या वहिनी किल्ली घ्यायला आल्या होत्या. ठेंगूचं जमलं ना सगळं, त्यांनी काळजीने विचारलं. काटेवाल्यांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

विमानतळावर खिडकीमागच्या तरुणाने पिशवी ठेंगूसकट काट्यावर ठेवली. आठ किलो नऊशे.

तरुण भला होता. त्याने पुन्हा तोललं, खिसे रिकामे करून तोललं, साहेबांना बोलावलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. आठ किलो म्हणजे पिशवी धरून, काका. आता दोनच वाटा होत्या. कुत्रा सामानात टाका, नाहीतर कुणाच्या तरी हवाली करून एकटे जा. ठरवायला चाळीस मिनिटं होती. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. ठेंगू जाळीला नाक लावून गप्प बसला होता. काटेवाल्यांनी पिशवी उचलून बाजूला घेतली आणि लेकीला फोन लावला.

ती आधी चिडली. फोटो पाठवला होता, दोनदा विचारलं होतं, आता काय करायचं? मग ती बापाला समजून घ्यायला लागली. चार महिने ती तेच करत आली होती.

"असू दे बाबा. जन्मभर रिकाम्याचं वजन वजा करत आलात, सवयीने झालं. माणूस चुकतोच. मी आजचं तिकीट बदलून घेते. तुम्ही तेवढी हलकी पिशवी आणा, परवा निघा."

काटेवाल्यांनी काट्यावरचा कोरा पडदा पाहिला. आठ किलो नऊशे. हा आकडा त्यांना दुकानातच ठाऊक होता, पिशवी हातात तोलली तेव्हापासून. त्यांच्या छातीत काहीतरी दुखलं, चार महिन्यांत पहिल्यांदा.

"चुकलो नाही गं," ते म्हणाले. "मला यायचंच नाहीये."