चॅम्पियनची पिल्लं

हौसाक्का आणि जनावरांचे डॉक्टर, दोघांनी मिळून कुत्र्याच्या पिल्लाला टेबलावर उभं केलं, तर त्याचे मागचे पाय ओल्या धोतरासारखे घसरले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "खुब्याचे सांधेच नीट बसलेले नाहीत, आक्का. हे आईबापाकडून येतं. याच्या बापाचा, सुलतानचा एक्स-रे काढला होता का?"

"त्याला कशाला?" हौसाक्का फणकारली. "चॅम्पियन आहे तो! कुत्र्यांच्या शोमध्ये जजनं नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवून पास केलाय. अहो, सुलतान रिंगणात उतरला तर एका बुलडॉगनं वाकून मुजरा केला!"

एरवी या थापेवर डॉक्टर पोट धरून हसायचे. आज ते पिल्लाचे कान कुरवाळत राहिले. "जज रूप बघतो, चाल बघतो. हाडाच्या आतलं त्याला कसं दिसणार? ते वेगळं तपासावं लागतं."

हौसाक्काच्या डोळ्यांपुढं सहा घरं आली. "चॅम्पियनचं रक्त आहे, डोळे झाकून न्या," असं म्हणत तिनंच बाकीची पिल्लं वाटली होती. बाहेरच्या बाकावर बसून तिनं पहिला फोन मिरजेच्या विहीणबाईंना लावला.

"अगं बाई, तुम्ही होय!" विहीणबाई खुशीत होत्या. "तुम्ही दिलेलं पिल्लू, चिमी, काय उड्या मारते हो! आत्ताच जिना चढून गच्चीवर पळाली. थांबा, हाक मारते."

हौसाक्काच्या जिभेवर पहिल्यांदाच थाप येईना.

"हाक मारू नका," ती कशीबशी म्हणाली. "वर जाऊन तिला उचलून खाली आणा. मग सांगते."