शेजारची किल्ली

यादवी युद्धावरची ती मालिका टेलरबाई आणि शेजारची नर्स एकाच सोफ्यावर बसून बघायच्या. पूल उडाला त्या भागात टेलरबाईंचे डोळे भरून आले, आणि चहाचा कप तोंडाला लावता लावता नर्स बोलून गेली, "बरं झालं. तुमच्या लोकांनी आमची काय कमी माणसं मारली होती?"

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. मग तीच मालिका भिंतीच्या दोन्ही बाजूंना लागायला लागली. इकडे हळहळ झाली, की तिकडे टाळ्या.

"अगं, मालिका आहे ती," टेलरबाईंचा नवरा हसायचा. "पणजोबांच्या काळातली भांडणं. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

आज शेवटचा भाग होता. तह झाला, तोफा थंडावल्या. टेलरबाईंनी हुश्श केलं, तोच बेल वाजली. दारात नर्स उभी. अडीनडीला असावी म्हणून दोन्ही घरांनी वर्षानुवर्षं एकमेकांची किल्ली सांभाळली होती. त्यातली यांची किल्ली तिने पुढे केली.

"ही घ्या. आणि आमची द्या."

टेलरबाईंनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. दार लावल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. "एवढाही भरवसा राहिला नाही हो तिचा आपल्यावर?"

नवऱ्याने शांतपणे टीव्ही बंद केला. "रडतेस कशाला? तिच्या किल्लीवरून दुसरी मी मागच्याच आठवड्यात करून घेतलीय."