पिठाच्या डब्यावरचे दहा शब्द

कारेगावच्या भाड्याच्या खोलीत मंदानं पिठाच्या डब्यावर कागद चिकटवला होता. त्यावर नवऱ्यानं दहा इंग्रजी शब्द लिहिले होते. "पोरीशी घरात मराठी बोलू नका," शाळेनं बजावलं होतं. "कंपनीतला साहेब इंग्रजीत झापतो, मी नुसती मान हलवतो. पोरीनंबी तशीच हलवायची का?" नवरा म्हणायचा. मग माहेरून गळाभर ओव्या आणलेली मंदा लेकीपुढं मुकी झाली. आज लेक प्रगती गुडघा फोडून रडत दारात आली. "आगं माझं कोकरू..." मंदाच्या तोंडून निसटलं, तोच नवरा खेकसला, "इंग्लिश!" तिनं पुढचे शब्द गिळले, कागदाकडं पाहिलं. रडत्या लेकराला कुशीत घेताना काय म्हणावं, ते तिथं नव्हतंच. त्यातल्या त्यात मऊ वाटलेलं निवडून, रक्त पुसत ती म्हणाली, "व्हेरी गुड." प्रगतीचं रडणं थांबलं. आईचा हात सारून ती ताठ उभी राहिली. "थँक्यू, मॅडम."